पाळीव उंदरांचं घरटं: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढरे उंदीर पाळणाऱ्यांचे मेसेज ऋतूप्रमाणे बदलतात. डिसेंबरात 'कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, खातोय मात्र दुप्पट', एप्रिल-मेमध्ये 'स्वतःचं घरटं स्वतःच उधळून टाकलंय', पावसाळ्यात 'पिंजऱ्याला वास मारतोय' आणि गणपतीत 'मादीने पिल्लं खाल्ली हो'. चौघांनाही आमचा पहिला प्रश्न एकच असतो: घरटं कसं आहे, आणि ते बांधायला दिलंय काय? पुढची उत्तरं लहान उंदरांसाठी आहेत, म्हणजे जे पांढरे, काळे, ठिपक्यांचे, वीस ते चाळीस ग्रॅमचे पाळीव उंदीर मिळतात त्यांच्यासाठी. मोठ्या पाळीव उंदरांची, अर्थात रॅट्सची, तऱ्हा बरीच वेगळी असते.

पिंजऱ्यात प्लास्टिकचं छान घर ठेवलंय. मग घरटं वेगळं कशाला?

घर लपायला असतं, घरटं उबेला. राहायला खोली आहे म्हणून आपण गोधडी नको म्हणत नाही. उंदराचं अंग इतकं छोटं की वजनाच्या मानाने कातडीचा पसारा फार मोठा, त्यामुळे त्याच्या अंगातली उष्णता भराभर निघून जाते. त्याला खरं सुखाचं तापमान ३० अंशांच्या आसपास. आपल्याला छान वाटणारी २२ अंशांची खोली त्याच्या लेखी गारठा असतो. ही तूट तो दोन मार्गांनी भरून काढतो: जास्त खाऊन किंवा घरट्यात शिरून. सामान दिलं नाही तर पहिलाच मार्ग उरतो.

नुसतं घर आणि नुसतं घरट्याचं सामान यांत निवड करू दिली, तर उंदीर बहुतेक वेळा सामानाच्या बाजूने जातात, असं प्रयोगांतही दिसलेलं आहे. दोन्ही देता आलं तर उत्तम. घराला खाली तळ नसावा आणि आत सामान ओढून नेता येईल इतकं दार मोठं असावं. दुकानात मिळणारी काही घरं दिसायला गोंडस, पण दार इतकं अरुंद की तोंडात टिश्यू धरून आत शिरणारा उंदीर दारातच अडकतो.

घरटं फक्त मादीच बांधते ना?

नाही. नरही बांधतात, एकटा नर तर नेटाने बांधतो, कारण शेजारी अंगाची ऊब द्यायला कुणी नसतं. फरक पडतो तो मादी गाभण राहिल्यावर. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली तिचा बांधकामाचा उत्साह वाढतो आणि रोजच्या झोपेच्या उघड्या, खोलगट घरट्याऐवजी ती वरून बंद, जाड भिंतींचं बाळंतिणीचं घरटं करायला घेते.

ही आवड रक्तातून येते, हेही सिद्ध झालेलं आहे. जास्त कापूस गोळा करणाऱ्या उंदरांची आपसात पैदास करत गेलं की काही पिढ्यांत कितीतरी पट मोठी घरटी बांधणारा वंश तयार होतो, आणि कमी गोळा करणाऱ्यांचा त्याउलट. त्यामुळे मैत्रिणीकडचा उंदीर घुमट बांधतो आणि तुमचा नुसता खड्डा करतो, यात दर वेळी तुमचीच चूक असते असं नाही. मात्र आधी सामान तपासा, मग वंशाला बोल लावा.

किती सामान लागतं?

लोक देतात त्यापेक्षा बरंच जास्त. दुकानदार पिंजऱ्यासोबत एक-दोन टिश्यू देतो आणि 'पुरे' म्हणतो. त्यात अंगही झाकलं जात नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी, तिथल्या नेहमीच्या २० ते २४ अंशांत, आठ ते दहा ग्रॅम सामान सुचवलेलं आहे. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मोजून बघा. दुपदरी टिश्यू साधारण एक ते दीड ग्रॅमचा असतो, म्हणजे सात-आठ टिश्यू लागतील. ७० ग्रॅम जाडीचा ए-फोर कागद भरतो साडेचार ग्रॅमच्या आत-बाहेर.

तिघी माद्या एकत्र असतील तर तिप्पट लागत नाही, एकमेकींची ऊब असते. थोडं थोडं वाढवत जा. सगळ्या झाकून झोपल्या आणि काही सामान बाजूला पडून राहिलं, की थांबा.

नक्की कशाचं बांधायला द्यायचं? एकच वस्तू सांगा.

एकच सांगायची तर खाकी कागदाच्या लांब, चुरगळलेल्या पट्ट्या. ऑनलाइन मागवलेल्या खोक्यात भरतीला घातलेला खाकी कागद येतो ना, तोच. टेप, लेबल आणि छपाई असलेला भाग काढून टाका, चार-पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, हातात घेऊन चुरगळा आणि पुन्हा मोकळ्या करा.

पण खरं विचाराल तर एका वस्तूवर थांबू नका. उंदराला दोन प्रकारचं सामान लागतं. एक, जरा ताठ आणि लांब, एकमेकांत अडकून भिंत उभी धरणारं. दुसरं मऊ, आतून अस्तर लावायला. पट्ट्या आणि बिनवासाचा पांढरा टिश्यू ही जोडी पुण्यात कुठेही, कोणत्याही महिन्यात मिळते आणि तिच्यात भानगड नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सी५७ब्लॅक६ या वंशाच्या उंदरांना वेगवेगळं सामान देऊन पाहिलं होतं. प्रयोगशाळांमध्ये सर्रास दिल्या जाणाऱ्या दाबलेल्या कापसाच्या चौकोनी तुकड्यापेक्षा कागदाच्या पट्ट्यांतून त्यांनी कितीतरी चांगली, रानातल्यासारखी घुमटाकार घरटी बांधली. तोवर अनेकांचा समज होता की पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराला घुमट येतच नाही. येत होता, सामान तसं नव्हतं.

पट्ट्या लांबच का? तुकडे करून दिले तर त्याचे कष्ट वाचतील.

कष्ट वाचवू नका. रात्री दिवे मालवून, कोपऱ्यात मंद लाल दिवा ठेवून एकदा बघत बसा. उंदराला लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे तो बुजत नाही.

आधी तो रिकामा येतो, पट्टी हुंगतो, मधोमध दातात धरतो आणि उलट्या पावली ओढत नेतो. दोन्ही टोकं फरफटत येतात. कोपऱ्यात पोचला की पट्टी टाकून परत. अशा बऱ्याच खेपा झाल्या की बांधकाम सुरू. ढिगाच्या मधोमध शिरून तो स्वतःभोवती फिरतो, छातीने आणि पुढच्या पायांनी सामान बाहेर दाबत जातो. खड्डा तयार होतो, कडा उभ्या राहतात. मग आत बसल्या बसल्या भिंतीतली एखादी पट्टी ओढून, दोन पंज्यांत धरून, उभी फाडतो. करकर असा बारीक आवाज येतो. फाडलेली कड आत, न फाडलेला भाग भिंतीतच. शेवटी डोक्यावर दोन-चार पट्ट्या ओढून घेतो आणि दिसेनासा होतो.

दिवसा तो बाहेर असताना असं घरटं हलकेच उचलून पाहिलं तर थर स्पष्ट दिसतात: बाहेर अखंड पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या, मध्ये अर्धवट फाडलेल्या, आणि अगदी आत टिश्यूचा इतका मऊ चुरा की तो टिश्यू होता हे ओळखू येत नाही. इंच-इंचाचे तुकडे दिले तर अस्तर होतं, भिंत होत नाही. तुकडे एकमेकांत अडकायला लांबीच नसते.

टिंबर मार्केटमधून लाकडाचा भुसा फुकट मिळतो. चालेल?

तळाला अंथरायला की घरट्याला? घरट्याला भुसा कामाचाच नाही, तो उभा राहत नाही. आणि तळाला अंथरायचा तरी वखारीतला भुसा घेऊ नका. त्या पोत्यात पाइन असतं, सागवान असतं, प्लायवुड आणि एमडीएफची धूळही असते, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचा डिंक आला. पाइन आणि देवदारासारख्या सुवासिक लाकडांतली द्रव्यं उंदराच्या यकृतातल्या विकरांवर परिणाम करतात, हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. शिवाय बारीक धुळीने शिंका सुरू होतात त्या वेगळ्याच. फुकटातलं पोतं डॉक्टरच्या बिलात वसूल होतं.

तळाला कागदाच्या लगद्याच्या गोळ्या किंवा खास प्राण्यांसाठी धूळ काढलेलं, बिनवासाचं अंथरूण घ्या. थर चांगला चार बोटं जाड ठेवा, म्हणजे बोगदेही खणता येतात.

कापूस तर सगळ्यात मऊ. वातींचा कापूस घरात असतोच.

कापसाचा मऊपणा फसवा असतो. लांब, चिवट धागे बोटांभोवती आणि पायाभोवती गुंडाळले जातात. मोठा उंदीर कदाचित चावून सुटेल. पिल्लाचा पाय आवळला जाऊन रक्तपुरवठा तुटतो आणि लक्षात येईपर्यंत पाय काळा पडलेला असतो. 'प्रयोगशाळेत तर कापूसच देतात' असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, तो दाबून घट्ट केलेला, फाडल्यावर आखूड तंतू देणारा तुकडा असतो. औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीचा आणि त्याचा संबंध नाही. त्यातूनही बिनकेसांच्या उंदरांना कापसाच्या तंतूंमुळे डोळे आल्याची उदाहरणं आहेत. सावरीचा कापूसही नको, त्याचे तंतू नाकात जातात. आणि 'हॅम्स्टर वूल' नावाने रंगीबेरंगी पॉलिएस्टरची जी पिशवी विकतात ती दुकानातच राहू द्या.

शिंप्याकडच्या चिंध्या? लोकर? सुतळी?

तिन्हींना नाही. चिंधीचे दोरे सुटतात, लोकरीचेही सुटतात. सुतळीच्या तागावर कारखान्यात सूत काढताना खनिज तेल मारलेलं असतं. नवी सुतळी नाकाशी धरली तर घासलेटासारखा वास येतो तो त्याचाच. फ्लीस म्हणून जे कापड मिळतं त्याचे धागे सहसा सुटत नाहीत, पण त्याचं घरटं होत नाही, झोळी होते.

वर्तमानपत्र फाडून दिलं तर?

कोरं काही मिळतच नसेल तर एखाद्या रात्रीपुरतं. नेहमीचं नको. उंदीर कागद नुसता अंगाखाली घेत नाही, दातांनी फाडतो, म्हणजे शाई तोंडात जाते. वर्तमानपत्रात वडे-भजी बांधू नयेत, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं ते याच शाईपायी. पांढरा उंदीर दोन दिवसांत करडा होतो, हा आणखी एक तोटा. रद्दीवाल्याकडे छपाई न झालेल्या कागदाची कातरणं मागून बघा, कधी कधी मिळतात.

आंब्याच्या पेटीतला पेंढा फेकवत नाही. तो देऊ का?

या प्रश्नावर आमचा जीव आहे, कारण पेंढा म्हणजे फार गुणी सामान. लांब, हलका, पोकळ, आणि पट्ट्यांपेक्षाही ताठ. पेंढ्याचं बाहेरचं कवच आणि आत टिश्यू, असं घरटं बोटाने दाबलं तरी पुन्हा वर येतं.

अडचण पेंढ्याची नाही, पेटीची आहे. आंबे कशाने पिकवले, वाटेत काय फवारलं, याचा पत्ता नसतो. पेटीत एखादा आंबा नासलेला असेल तर बुरशी आणि चिलटं पेंढ्यात उतरलेली असतात. ओळखीच्या बागायतदाराकडून थेट कोकणातून पेटी आली असेल आणि पेंढा कोरडा खडखडीत, सोनेरी, वास न मारणारा असेल तरच ठेवा. तो झटकून, पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवला की किडे आणि माइट्स मरतात. घरातल्या ज्येष्ठांना फ्रीझरमध्ये पेंढा का, हे समजावण्याची जबाबदारी तुमची.

पेंढा नसेल तर सशांसाठी मिळणारं वाळकं गवत घ्या. त्यालाही फ्रीझर चुकवू नये.

पावसाळ्यात मक्याच्या कणसाची पानं मात्र जरूर जमवा. सिंहगडावर नाहीतर कोपऱ्यावरच्या गाडीवर भुट्टा घेताना आतली, फिकट हिरवी पानं मागून घ्या. बाहेरच्यांवर फवारणीचा अंश राहिलेला असू शकतो. धुऊन, पंख्याखाली वाळवून पूर्ण कोरडी करा. उंदीर ती शिरांच्या रेषेत सरळ उभी फाडतो आणि त्या पट्ट्या आपोआप वळतात. नारळाची शेंडी काही जण देतात. बाहेरच्या भिंतीत थोडी चालते, पण राठ असते, पिल्लं असतील तर टाळा. उसाची चिपाडं देऊ नका, साखरेला मुंग्या येतात.

मे महिन्यात त्याने घरटं पसरून टाकलं आणि बाहेर उताणा पडून राहतो. आजारी आहे का?

बहुधा उकडतंय. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० वर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या संध्याकाळीही तापलेल्या असतात. खोली ३० च्या वर गेली की घरट्याच्या भिंती बुटक्या होत जातात, छप्पर जातं, शेवटी नुसती चटई उरते. हे शहाणपणाचं लक्षण आहे, आळसाचं नव्हे.

सामान काढून मात्र घेऊ नका. पहाटे गार झालं की तो पुन्हा ओढून घेतो. पिंजरा जमिनीलगत, उन्हाची तिरीप पोचणार नाही अशा खोलीत हलवा. शहाबादी फरशीचा तुकडा किंवा फुटक्या माठाची खापरी आत ठेवा, त्यावर पोट टेकून पडायला त्यांना आवडतं. कूलरचा थेट झोत नको. उंदराला घाम येत नाही. तो अंगाला लाळ फासत असेल, तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, तर घरट्याचा विचार सोडा, त्याला गार खोलीत न्या आणि डॉक्टरांना फोन करा.

आणि थंडीत?

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. दिवाळी झाली की सामान वाढवायला घ्या. हीटरची किंवा बल्बची गरज सहसा पडत नाही. उंदराला स्वतःची ऊब कमी-जास्त करता यायला हवी, आणि ते घरट्यात जमतं, बल्बखाली जमत नाही. शास्त्रज्ञांनी उंदरांना गरम पिंजरा की घरट्याचं सामान असा सौदा करायला लावला, तेव्हा दिसलं की सामान पुरेसं असेल तर बरेच उंदीर थोडा गारवा पत्करतात. चांगलं घरटं मिळालेले उंदीर खातातही कमी आणि त्यांची पिल्लंही जास्त जगतात. वाचलेली ऊर्जा तिकडे वळते.

पावसाळ्यात घरटं दमट लागतं.

हवेतल्या ओलीने टिश्यू बसतो, पट्ट्या नरम पडतात. बुरशीचा वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर तेवढं सामान बदला. पाण्याची बाटली घरट्याच्या कोपऱ्यापासून लांबच्या बाजूला लावा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. काचेच्या टाकीत पाळत असाल तर वर जाळीचंच झाकण हवं.

पिंजरा साफ करताना घरटं टाकून द्यायचं की ठेवायचं?

ठेवायचं. हा मुद्दा लोक सगळ्यात जास्त चुकवतात, कारण स्वच्छता म्हणजे सगळं नवं, अशी आपल्याला सवय.

एकत्र राहणाऱ्या नरांची मारामारी साफसफाईनंतर उसळते, हे कुणीही पाळणारा सांगेल. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी २००० साली यावर काम प्रसिद्ध केलं. जुन्या घरट्याचं सामान नव्या पिंजऱ्यात नेलं तर नर कमी भांडले, आणि मुतलेला भुसा नेला तर उलट जास्त भांडले. घरट्याला असतो तो झोपेचा, ओळखीचा वास. तळाला असतो तो हद्दीचा. म्हणून तळ बदला, शौचाचा कोपरा बदला, घरटं अलगद उचलून त्याच कोपऱ्यात ठेवा. ओलं, मळकं झालेलं तेवढं चिमटीने काढा आणि बाजूला नवं सामान टाका. भिंतीत कुठे काय लावायचं ते तो बघून घेईल.

उंदीर सहसा घरट्यात मुतत नाहीत. घरटं वारंवार ओलं होत असेल तर पिंजरा लहान आहे, तळ फार दिवस बदललेला नाही, किंवा उंदीर आजारी आहे.

घरट्यावरून तब्येत खरंच कळते?

हो, आणि लवकर कळते. लहान शिकारी प्राणीही ज्याला खातो असा हा जीव. दुखणं लपवणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण घरटं बांधायला ताकद लागते आणि मन लागतं, आणि या दोन्हींत कमी पडलं की ते लपत नाही. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागाला इजा झालेले उंदीर नीट घरटी बांधत नाहीत. स्क्रॅपी या मेंदूच्या रोगात, जो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, तर इतर लक्षणांच्या कितीतरी आधी बांधकाम ढेपाळतं. शस्त्रक्रियेनंतर दुखत असलेला उंदीरही कामचुकार होतो.

ऑक्सफर्डच्या रॉबर्ट डीकन यांनी २००६ मध्ये यासाठी एक ते पाच गुणांची मोजपट्टी मांडली, ती घरीही वापरता येते. संध्याकाळी नवं सामान द्यायचं, सकाळी बघायचं. जवळजवळ हात न लावलेलं असेल तर एक गुण. थोडं फाडलेलं, दोन. बरंच फाडलेलं पण पिंजराभर विखुरलेलं, तीन. एका जागी जमवलेलं, पण सपाट, चार. आणि अर्ध्याहून जास्त घेरात भिंती उंदराच्या उंचीपेक्षा वर गेलेल्या असतील, तर पाच. डीकन दाबलेल्या कापसाचा तीन ग्रॅमचा तुकडा देत. तुम्ही टिश्यू वापरणार म्हणून त्यांच्या आकड्यांशी तुलना करू नका, आपल्याच उंदराच्या गेल्या आठवड्याशी करा. मे महिन्यातले गुण जानेवारीशी ताडून घाबरूही नका.

याहून झटपट परीक्षा हवी असेल तर बांधून झालेल्या घरट्यापासून दूर, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टिश्यूचा छोटा तुकडा ठेवा आणि दहा मिनिटं बघा. धडधाकट उंदीर बहुधा तेवढ्यात तो उचलून घरट्यात नेतो. नेला नाही, अंगावरचे केस पिंजारलेले आहेत, पाठीला बाक आलाय, घरटं सोडून उघड्यावर झोपतोय, असं सगळं जुळलं तर डॉक्टर गाठा. फोनवरच विचारा की लहान प्राणी बघता का. कुत्री-मांजरी बघणारे सगळेच उंदीर बघत नाहीत.

मादी गाभण आहे. तयारी काय करू?

गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा, म्हणजे पोट दिसेपर्यंत अर्धा संपलेला असतो. सामान लगेच वाढवा आणि शेवटचे दोन-तीन दिवस पिंजरा साफ करू नका. नराला आधीच वेगळं करा. व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते.

पिल्लं जन्मतात ती बिनकेसांची, डोळे मिटलेली आणि स्वतःची ऊब न राखता येणारी. घरटं हेच त्यांचं कातडं. गारठली की ती आपल्याला न ऐकू येणाऱ्या स्वरात ओरडतात आणि आई बाहेर पडलेल्याला तोंडात धरून परत आणते. पहिले काही दिवस घरटं उघडून मोजदाद करत बसू नका. फोटोही नको. डोळे बाराव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, मग हवे तितके काढा. विसाव्या-एकविसाव्या दिवसापर्यंत ती दुधावरून सुटतात.

गणपतीत ढोलामुळे आई पिल्लांना खाते, हे खरं आहे का?

थेट आवाजामुळे कमी, गडबडीमुळे जास्त. उंदरांना ढोलाचे खालचे स्वर नीट ऐकू येत नाहीत. त्यांचं ऐकणं साधारण १ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं आणि ८०-९० किलोहर्ट्झपर्यंत जातं. पण काड्यांनी वाजणारा ताशा, झांजा आणि फटाके त्यांना पुरेपूर ऐकू येतात आणि ढोलाची थरथर जमिनीतून पिंजऱ्यात पोचते. त्यात घरात पाहुणे, पोरं पिंजऱ्याभोवती गोळा, 'हा बघा बाप्पाचा उंदीर' म्हणून कुणीतरी घरटं वर करून दाखवतं. आईला पिल्लं सुरक्षित नाहीत असं वाटलं तर काय होतं ते मग दिसतंच.

रस्त्याकडेच्या खोलीतून पिंजरा आतल्या खोलीत न्या, खाली जाड सतरंजीची घडी ठेवा, घरट्याच्या बाजूने पिंजऱ्यावर कापड टाका. आणि उंदीर पळवून लावणारं अल्ट्रासॉनिक यंत्र घरात लावलेलं असेल तर बंद करा. घरात दोन्ही पाळणारे लोक आम्हाला भेटलेले आहेत.

मीच छान घरटं बांधून दिलं तर?

तो ते उकलून पुन्हा बांधेल. बांधून झालेल्या, छान घरट्यात बसलेला उंदीरही सामान मिळालं की कामाला लागतो; बांधणं हीच त्याची गरज आहे. सामान मोकळं, पिंजऱ्याच्या मधोमध टाका आणि जागा त्याला निवडू द्या. बहुतेक जण अंधाराचा, वारा न लागणारा कोपरा निवडतात.

मुलाला पिंजऱ्याजवळ शिंका येतात.

उंदराच्या मुतातली प्रथिनं हे ॲलर्जीचं ठरलेलं कारण आहे आणि जुनं सामान झटकताना ती धुळीबरोबर उडतात. साफसफाई मुलाने करू नये. करणाऱ्याने मास्क लावावा, घरटं झटकू नये, खिडकी उघडी ठेवावी, शेवटी हात साबणाने धुवावेत. शिंकांवरून दम लागायला लागला तर पिंजरा कुणाच्या तरी घरी देण्याचा विचार करावा लागतो. गरोदर बाईनेही हे काम दुसऱ्यावर सोपवावं, कारण उंदरांकडून येणाऱ्या काही विषाणूंचा गर्भाला धोका असतो.

पुण्यातल्या प्रयोगशाळांमध्ये काय देतात? तेच आपण द्यावं का?

पुण्यात उंदरांवर काम चालतं त्याला बरीच वर्षं झाली. राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू झाली, तेव्हा नवा विषाणू शोधायची नेहमीची वाट दूधपित्या उंदरांतूनच जायची. गणेशखिंडीतलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि पाषाणची आयसर ही विज्ञान संस्था इथेही उंदरांवर संशोधन होतं. हे सगळं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्र सरकारच्या समितीच्या देखरेखीत.

मात्र प्रयोगशाळेची गरज वेगळी. तिथे प्रत्येक पिंजरा सारखा असावा लागतो आणि सामान वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता यावं लागतं. आपल्याकडच्या प्राणिगृहांत तळाला मक्याच्या कणसाचा चुरा किंवा भाताचं तूस दिसतं. ओल शोषायला ठीक, घरटं बांधायला निरुपयोगी. तिथलं जे घ्यावं ते म्हणजे मोजून सामान देण्याची आणि रोज घरटं बघण्याची शिस्त. चुरा तिथेच राहू द्या.

फ्रिजच्या मागे घरातल्या मोकाट उंदराचं घरटं सापडलं. इतकं सुंदर आहे की पाळलेल्याला द्यावंसं वाटतं.

देऊ नका. त्यातला फोम, साडीची जर आणि वायरचं वेष्टण सोडा, पण मोकाट उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि पिसवा-माइट्स सोबत येतात. हातमोजे घाला, आधी निर्जंतुक द्रव शिंपडून भिजवा, मग कोरडं न झाडता उचला. त्याच कारणासाठी सोसायटीतला उंदीर पकडून पाळायलाही आणू नका.

काढून टाकलेलं सामान कोणत्या कचऱ्यात टाकायचं?

पालिकेच्या सुक्या कचऱ्यात मोकळं टाकू नका. मुतलेला कागद रद्दीत जात नाही, आणि तो कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. घरी कंपोस्टची टोपली असेल तर पाळीव, निरोगी उंदराचं कागद-पेंढ्याचं सामान त्यात जिरतं. ते खत जास्वंद-मोगऱ्याला घाला, कोथिंबीर-पालकाला नको. टोपली नसेल तर कागदात घट्ट गुंडाळून, वर 'प्राण्याचा कचरा' असं लिहून वेगळं द्या, आणि घ्यायला येणाऱ्या ताईंना एकदा तोंडी सांगून ठेवा.